उतरणीचा अभ्यास

गिल्बर्ट हिलच्या पायऱ्या शाल्मलीने मोजल्यात.
मी फक्त उतरते.
चढायला लिफ्ट असती तरी चाललं असतं, ती म्हणते,
आम्हाला तुमचा उतार हवाय, काकू.

उतरताना मांडी लांबत जाते आणि लांबता लांबता ओझं झेलते,
तिथेच तिचे धागे उसवतात.
चढण नुसती दमवते.
एकोणतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत पी.टी. शिकवली,
गळ्यात शिट्टी, तोंडात "गुडघे वर!"
आणि एवढी साधी गोष्ट मला माहीत नव्हती.

सहा फेऱ्या. सोबत आंबोलीची फिलोमिना डिमेलो,
माझ्याच वयाची, पण तिची पाळी अजून अधूनमधून येते,
जुनी उधारी मागायला आल्यासारखी.
माझी चार वर्षांपूर्वी गेली, न सांगता.
मार्चमध्ये आली होती. एप्रिलभर वाट पाहिली,
मग कॅलेंडरवरच्या लाल पेनाने
दुधाचा हिशेब लिहू लागले.

त्या रात्री काहीच नाही.
दुसऱ्या दिवशी सकाळी कमोडवरून उठताना
आधी देवाचं नाव घेतलं,
मग शाल्मलीचं.

ती आली बर्फाचा डबा आणि सुया घेऊन,
ओट्याशी उभी राहून पोहे खाल्ले, दंड बांधला, सांगू लागली:
स्नायूच्या पेशीभोवती एक पातळ पडदा असतो.
इस्ट्रोजेन त्यात जाऊन बसतं, सहजी फाटू देत नाही.
फाटलाच, तर आतलं एन्झाइम रक्तात झिरपतं,
मी तेच मोजते.
मग पांढऱ्या पेशी धावून येतात. सूज, ऊब, ठणका.
इस्ट्रोजेन असलं की त्यांची गर्दीही कमी.

म्हणजे इतकी वर्षं आत कुणीतरी रफू करत बसलं होतं?

उंदरांमध्ये तरी, ती म्हणाली.

आणि बायकांमध्ये?

सुई काढून तिने कापूस दाबला.
बायका मोजायला अवघड, काकू.
महिनाभर आकडे हलत राहतात,
म्हणून पुष्कळांनी पुरुषच मोजले.

मी काय काय बोलले होते त्याला!
आंतरशालेय स्पर्धा, पांढरी पँट,
मैदानाच्या चारी कोपऱ्यांत एक संडास नाही,
पोटात कळा आणि हातात स्टॉपवॉच.
सगळी बिलं त्याच्या नावावर फाडली.
दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा मुलींसोबत आठ फेऱ्या पळायचे,
मांड्या कुरकुरत नसत,
तेव्हा वाटायचं, ही माझीच ताकद.

आकडे आले शुक्रवारी.
फिलोमिनाचा माझ्या दुप्पट.
शाल्मलीने कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला.
फिलोमिना हसून हसून खोकली:
अगं, चौथ्या फेरीला दोनदा घसरले मी, सांगायचंच राहिलं.
शाल्मलीने तेही लिहून घेतलं.

पण तिचं दुखणं तीन दिवसांत गेलं, माझं आठवडाभर राहिलं.
याचा रकाना तक्त्यात नव्हता.
मी समासात पेन्सिलने लिहिला.

रात्री मांडीवर हात ठेवते. आत गरम आहे.
भिंत फोडावी तसं काहीतरी चाललंय,
आधी राडारोडा उचलायचा, मग लिंपायचं.
मालकीण घर सोडून गेलीय
तरी गवंडी कामावर आलेत,
सावकाश, जरा जास्तच आवाज करत.

महिन्याने दुसरी खेप.
एकदा उसवलेला स्नायू दुसऱ्यांदा कमी उसवतो म्हणे, कुणाचाही असो.
शाल्मली वही उघडून खाली उभी.
विमान डोक्यावरून जातं, काळा दगड तसाच ताठ.
फिलोमिना माझ्या पुढे दोन पायऱ्या,
या वेळी कॅनव्हासचे बूट घालून,
एक हात कठड्याला.
दुसरा तिने मागे केलाय,
माझ्यासाठी की तोल सांभाळायला, कळत नाही.
मी धरते.